हिराई : एका नावाची कथा

मुलांनो, तुमच्या वर्गाची हजेरी तुम्ही रोज ऐकता. काही नावे तीत दोन-दोन, तीन-तीन वेळा येतात आणि मग गुरुजींना आडनाव जोडून हाक मारावी लागते. काही नावे मात्र अशी असतात, की साऱ्या शाळेत त्या नावाची एखादीच मुलगी सापडते; कधी तीही सापडत नाही. 'हिराई' हे अशा विरळा नावांपैकी एक होय. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यांनी वेढलेल्या मुलुखात हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. परंतु हजेरीपटावर ते क्वचितच दिसते. जे नाव लोकांना इतके प्रिय आहे, ते मुलींना इतके थोडे का ठेवले जात असावे? हे समजून घेण्यासाठी प्रथम त्या नावाचा अर्थ पाहू.

'हिराई' या नावात दोन शब्द एकत्र आले आहेत : 'हिरा' आणि 'आई'. हिरा हा शब्द संस्कृतातील 'हीरक' या शब्दापासून आला आहे. 'हिरा' आणि 'आई' हे शब्द जोडताना दोन 'आ' एकमेकांत मिसळले आणि 'हिराई' हे रूप सिद्ध झाले. या नावाशी मिळतेजुळते आणखी काही शब्द आहेत. चंद्रपूर शहराजवळून जी नदी वाहते, तिचे नाव 'इरई'. पावसाळ्यात रानावर पसरते ती 'हिरवाई'. कानाला हे तिन्ही शब्द एकमेकांच्या बहिणी वाटतात. पण 'हिरवाई' हा शब्द 'हिरवा' या रंगावरून बनला आहे आणि नदीचे नावही निराळे आहे. केवळ ध्वनी सारखा आहे म्हणून दोन शब्दांचे मूळ एक समजू नये. शब्दांचे कूळ शोधताना ही खबरदारी नेहमी घ्यावी लागते.

आता 'आई' या शब्दाकडे वळू. मराठीत हा शब्द केवळ जन्मदात्रीपुरता राहिलेला नाही. तुळजाभवानीला, यमाईला आणि चंद्रपूरच्या महाकालीला भाविक लोक 'आई' म्हणूनच हाक मारतात. जिच्याविषयी मनात प्रेम आणि आदर दाटून येतो, तिच्या नावाला हा शब्द आपोआप जोडला जातो. मुक्ताबाईची मुक्ताई झाली, जनाबाईची जनाई झाली आणि जिजाबाईंची जिजाई झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई यांना लोक 'रमाई' म्हणतात, तेही याच भावनेने. 'बाई' या शब्दात मान आहे. 'आई' या शब्दात मानाबरोबर मायाही आहे.

या नावाचा पूर्वार्ध, म्हणजे हिरा, हा तर या भूमीच्या इतिहासातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यात वैरागड नावाचे एक जुने गाव आहे. तेथे एक किल्ला उभा आहे. आज हे गाव शांत आणि लहान दिसते. परंतु एके काळी ते हिऱ्यांच्या खाणींसाठी दूरवर प्रसिद्ध होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल याने लिहिलेल्या 'आइने-अकबरी' या ग्रंथात येथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. संस्कृतात हिऱ्याला 'वज्र' म्हणतात आणि खाणीला 'आकर'. प्राकृत भाषेत 'वज्र' या शब्दाचे 'वइर' झाले. जुन्या मराठीत हिऱ्यांच्या खाणीला 'वैरागर' असा शब्द होता. वैरागड हे गावाचे नाव त्याच शब्दाचे स्मरण करून देते. ज्या राज्याच्या पोटात हिरे होते, त्याच राज्याला पुढे 'हिराई' नावाची राणी लाभली, हा एक सुंदर योगायोग म्हटला पाहिजे.

ती राणी कोण होती? चंद्रपूरचे जुने नाव चांदा. येथे गोंड राजांनी कित्येक शतके राज्य केले. त्या घराण्यात सतराव्या शतकाच्या अखेरीस बीरशहा नावाचा राजा होऊन गेला. संस्कृतातील 'वीर' हा शब्द हिंदीत 'बीर' झाला आणि त्याला फारसी 'शाह' जोडला गेला, तेव्हा 'बीरशहा' हे नाव तयार झाले. या बीरशहाची राणी हिराई. सन १७०४ च्या सुमारास बीरशहाचा घात झाला. त्याच्याच पदरी असलेल्या हिरामन नावाच्या एका रक्षकाने त्याच्यावर शस्त्र चालविले, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते.

राजाला पुत्र नव्हता. ज्या राज्यात राजा नाही आणि वारसही नाही, ते राज्य फुटण्यास वेळ लागत नाही. अशा प्रसंगी राणी हिराईने शोक बाजूला ठेवला. राजघराण्याच्या आप्तांपैकी रामशहा नावाचा एक बालक तिने दत्तक घेतला, त्याला गादीवर बसविले आणि तो जाणता होईपर्यंत सुमारे पंधरा वर्षे राज्याचा भार स्वतः वाहिला. तिने त्या बालकाचे संगोपन केले आणि प्रजेचेही केले. पुढे रामशहाने राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा राज्य अभंग होते. ते पुढे सन १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले.

पतीच्या स्मरणार्थ राणीने चांद्यात एक समाधी बांधविली. अंचलेश्वराच्या मंदिराजवळ ही भव्य दगडी वास्तू आजही उभी आहे. आग्र्याचा ताजमहाल शहाजहान बादशहाने आपल्या बेगमेसाठी बांधला, हे तुम्ही वाचले असेल. चंद्रपूरची ही समाधी एका राणीने आपल्या पतीसाठी बांधली, हे तुम्ही लक्षात ठेवावे. ज्या महाकालीच्या दर्शनासाठी चैत्रात मराठवाड्यातून आणि तेलंगणातून यात्रेकरूंचे जथे येतात, त्या महाकालीच्या मंदिराशीही लोक राणी हिराईचे नाव जोडतात.

येथे एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. राजाचा घात करणाराचे नाव हिरामन आणि राज्य सावरणारीचे नाव हिराई. दोन्ही नावांत 'हिरा' आहेच! मग एकाची आठवण काढताना मान खाली का जाते आणि दुसरीची आठवण काढताना ती आदराने का लवते? नाव चांगले असले म्हणजे माणूस चांगला होतोच, असे नाही. नावाला तेज येते ते माणसाच्या कृतीने. चंद्रपूरच्या भूमीत कोळशाच्या मोठ्या खाणी आहेत. कोळसा आणि हिरा ही दोन्ही मुख्यतः कार्बन या एकाच मूलद्रव्याची रूपे आहेत, असे विज्ञान सांगते. द्रव्य एकच; परंतु पृथ्वीच्या पोटात खोलवर, प्रचंड दाब आणि उष्णता सोसल्यावर त्याचा हिरा होतो. राणी हिराईनेही संकटाचा दाब सोसला आणि आपले नाव सार्थ केले.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. हिऱ्यावरून पडलेली नावे महाराष्ट्रात पूर्वी पुष्कळ होती. आजीच्या पिढीत 'हिराबाई' हे नाव घरोघरी ऐकू येई. प्रख्यात गायिका हिराबाई बडोदेकर (१९०५ ते १९८९) यांचे नाव तर सर्वांना ठाऊक आहे. रायगडाचा कडा उतरून आपल्या तान्ह्या बाळाकडे धावणाऱ्या हिरकणीची कथा तुम्ही ऐकली असेलच. हिरकणी म्हणजे हिऱ्याचा लहानसा कण. मग पिढी बदलली, आवड बदलली, आणि 'हिराबाई' हे नाव मागे पडले. नावांनाही वस्त्रांप्रमाणे काळाची चाल असते.

'हिराई' या नावाच्या विरळपणाला आणखी एक कारण असावे. पाळण्यात निजलेल्या बाळाला 'आई' कोण म्हणणार? अशी नावे बहुधा बारशाच्या दिवशी ठेवली जात नाहीत. आयुष्यभराच्या कामानंतर लोक ती प्रेमाने देतात. म्हणून ती ओठांवर फार असतात आणि हजेरीपटावर थोडी. अलीकडे काही मातापिता आपल्या मुलींना 'मुक्ताई', 'जिजाई' अशी नावे आवडीने ठेवू लागले आहेत. उद्या तुमच्या शाळेत एखादी 'हिराई' आली, तर तिचे नाव जुने म्हणून हसू नका. त्या नावात एक हिरा आहे, एक आई आहे आणि या वनभूमीचा इतिहास आहे, हे तिला सांगा.

आणि मुलांनो, आपापल्या नावाचा अर्थही एकदा घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. नाव आपल्याला दुसरे देतात. त्याला अर्थ मात्र आपणच द्यावयाचा असतो.

स्वाध्याय

१. 'हिराई' हे नाव कोणत्या दोन शब्दांपासून बनले आहे?
२. 'इरई', 'हिरवाई' आणि 'हिराई' या शब्दांवरून लेखकाने कोणती खबरदारी घेण्यास सांगितले आहे?
३. बीरशहाच्या मृत्यूनंतर राणी हिराईने राज्य कसे सांभाळले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. 'नावाला तेज येते ते माणसाच्या कृतीने' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
५. आपल्या गावाच्या किंवा जवळच्या नदीच्या नावाविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा आणि दहा ओळींत लिहून काढा.