घराचा सौदा रुमालाखाली नको



उसाचे बिल बँकेत जमा झाले, की बऱ्याच घरांत एक विषय हमखास निघतो. पोरं शिकायला नगरला नाहीतर पुण्याला. दर महिन्याला भाडे भरण्यापेक्षा आपलाच एखादा फ्लॅट का असू नये? मग कोणी सावेडीत चौकशी करतो, कोणी केडगावात. दुसऱ्या घरी उलटा विषय असतो. भाऊवाटणीत आलेले संगमनेरचे किंवा श्रीरामपूरचे जुने घर पडून असते, ते विकायचे असते. दोन्ही वेळी मध्ये एक माणूस येतो. त्याला पूर्वी दलाल म्हणत, आता इस्टेट एजंट म्हणतात. हा माणूस पारखून कसा घ्यावा, एवढेच आज आम्हांस सांगायचे आहे.

मध्यस्थ आपल्याला नवा नाही. घोडेगाव, काष्टी, लोणीच्या बाजारात जनावर घेताना रुमालाखाली बोटे धरून भाव करण्याची जुनी रीत आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. विकणारा किती म्हणाला ते घेणाऱ्याला कळत नाही, घेणारा कुठवर चढला ते विकणाऱ्याला कळत नाही. दोन्ही आकडे ठाऊक असतात ते एकट्या दलालाला. म्हैस फसवी निघाली तर पुढच्या बाजारी विकता येते. घरात मात्र आयुष्याची कमाई अडकते. म्हणून घराच्या सौद्यात रुमाल नको.

माणूस कोणाचा?

एजंटाला पहिला प्रश्न हा विचारावा : "दादा, तुम्ही आमच्या बाजूचे का समोरच्या? आणि दलाली कोण देणार?" नव्या स्कीममध्ये बहुधा बिल्डर पैसे देतो. एजंट आपल्याला गाडीतून फिरवतो, चहा पाजतो, "तुमच्याकडून एक रुपया नको" म्हणतो. यात गैर काही नाही; पण तो बिल्डरचा माणूस आहे हे ध्यानात ठेवावे. शेजारची इमारत अधिक चांगली आहे, हे तो सांगणार नाही.

जुन्या घराच्या व्यवहारात साधारण एक ते दोन टक्के दलाली मागतात, पुष्कळदा दोन्हीकडून. हा दर सरकारने ठरवलेला नाही, बोलून ठरतो. दोन्हीकडून घेणार असेल तर त्याने ते दोघांना सांगून घ्यावे.

"वरचे तुझे" म्हणू नका

विकताना आपली माणसे एक वाक्य सहज बोलून जातात : "मला चाळीस लाख हातात दे, वरचे तुझे." समजा, घर ४४ लाखांना गेले. दोन टक्क्यांनी दलाली ८८ हजार झाली असती. इथे चार लाख गेले. उसाला टनाला ३००० रुपये धरले, तर हा १३३ टनांचा पैसा झाला. शिवाय एजंट खरा भाव दोघांपासूनही लपवणार, हे ओघाने आलेच.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजंटाची कर्तव्ये सांगितली आहेत. मालकाला न कळवता त्याने व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर तो फायदा मालकाला मागता येतो. ज्या कामात त्याने गैरवर्तन केले, त्या कामाचा मेहनतानाही त्याला मागता येत नाही. पण "वरचे तुझे" असे आपणच म्हणून बसलो, तर कोणत्या तोंडाने मागणार?

महारेराचा नंबर पाहा

२०१६ च्या रेरा कायद्यान्वये, नोंदणी झालेल्या प्रकल्पातील फ्लॅट, दुकान किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटालाही नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात हे काम महारेराकडे आहे, आणि २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण व परीक्षेची अट घातली आहे. एजंटाचा नोंदणी क्रमांक 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' अक्षराने. दोन्ही क्रमांक मागून घ्यावेत आणि महारेराच्या संकेतस्थळावर कॉलेजातल्या पोराकडून तपासून घ्यावेत. नोंदणीवाचून धंदा करणाऱ्या एजंटाला दिवसाला १०,००० रुपये, वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या लहान स्कीमला ही नोंदणी लागत नाही. आणि मालकाकडून मालकाकडे जाणाऱ्या जुन्या घराला या कायद्याचा फारसा आधार नाही. आपल्या तालुक्याच्या गावांतले पुष्कळ व्यवहार याच दोन प्रकारांत मोडतात. तिथे आपली पारख आपणच करायची.

पारख कशी करावी

वर्षभरात ज्यांचे व्यवहार त्याने केले, अशा दोन-तीन कुटुंबांची नावे मागा आणि त्यांना जाऊन भेटा. व्यवहारानंतर वीजमीटर, सोसायटीची नोंद, घरपट्टीचे नाव या कामांना तो आला होता का, हे विचारा. दलाली घेऊन पसार झालेला माणूस इथेच उघडा पडतो.

मग कागद मागा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, सूची क्रमांक दोन. जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे का, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, वाटणीत बहिणींची सही झाली आहे का, हे विचारा. गुंठा-दोन गुंठ्यांच्या प्लॉटला तुकडेबंदीचा कायदा आड येतो का, तेही पाहा. चांगला एजंट खोट स्वतःहून सांगतो. "ते सगळं क्लिअर आहे, काळजीच करू नका" असे म्हणणाऱ्याची मात्र काळजी करावी. आणि कागद वाचणारा वकील आपला असावा, एजंटाने आणलेला नव्हे.

नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर घेऊ नये. त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. विकणाऱ्यानेही एजंटाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून देऊ नये, आणि मूळ कागद त्याच्या हाती देऊ नयेत, झेरॉक्स पुरे.

लेखी ठरवा

दलालीचे एक पान लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तो कोणाच्या बाजूने काम करणार, टक्केवारी किती, मुदत किती महिन्यांची, आणि पैसे केव्हा देणार. खरेदीखत नोंदले की दलाली द्यायची, असे स्पष्ट लिहावे. वेगळे ठरले नसेल तर काम पुरे होईपर्यंत मेहनताना देणे लागत नाही, हे त्याच १८७२ च्या कायद्यात आहे.

इसार धनादेशाने द्यावा आणि तो मालकाच्या नावे, एजंटाच्या नव्हे. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने बंदी आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पात साठेखत नोंदल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. "उद्या पुण्याची पार्टी येतीये, आजच इसार द्या" असा आग्रह झाला, तर चार दिवस थांबावे. घर गेले तर दुसरे मिळेल.

सगळेच एजंट लबाड असतात असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पाच जागा दाखवून चार नाकारायला सांगणारे, भावा-भावांतला तंटा समजुतीने मिटवून मगच खरेदीखताला नेणारे लोकही याच धंद्यात आहेत. अशा माणसाची दलाली कुरकुर न करता द्यावी आणि पावती घ्यावी. काट्यावर ऊस घातला, की वजनाची पावती घेतल्याशिवाय आपण गाडी हलवत नाही. तीच सवय घराच्या व्यवहारातही ठेवावी, अशी सर्व सभासदांना आमची विनंती आहे. सौद्याला बसताना घरातल्या बाईमाणसांना आणि शिकल्या-सवरल्या मुलांनाही बरोबर घ्यावे.