देसी डिप्लोमा, सॉलिड कॉन्फिडन्स!

चाळिशीत पुन्हा वर्गात बसायचं? कोऱ्हाळे बुद्रुकच्या एका दुकानदारानं हे करून दाखवलंय.

अप्रेझल जवळ आलं की आपल्यातल्या निम्म्यांना एखादा कोर्स करावासा वाटतो. सर्टिफिकेट मिळतं, सीव्हीत एक ओळ वाढते आणि मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की पुन्हा घशाला कोरड! मग कोर्समुळे कॉन्फिडन्स वाढतो म्हणतात, तो येतो तरी कुठून? मला याचं उत्तर हिंजवडीत नाही, नीरा-बारामती रस्त्यावरच्या कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये मिळालं.

तिथे माझ्या मामेभावाचं खतं-औषधांचं दुकान आहे. दादा बारावी शिकलेला, धंद्यात एकदम चोख. पण कंपनीचा माणूस सांगेल ती बाटली पुढे करायची, हा खाक्या. गिऱ्हाईकानं 'हेच का?' विचारलं, तर 'सगळे हेच नेतात' हे ठरलेलं उत्तर. बीएस्सी ॲग्री झालेलं एखादं पोरगं दुकानात आलं की दादा गप्प!

२०१५ मध्ये कीटकनाशकांचे नियम बदलले आणि विक्रेत्यांना शैक्षणिक पात्रतेची अट आली. लायसन्सचं टेन्शन! त्या धाकानंच दादानं 'देसी'ला नाव घातलं.

काय आहे हे 'देसी'?

हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेनं २००३ साली खास कृषी सेवा केंद्रवाल्यांसाठी सुरू केलेला हा एक वर्षाचा डिप्लोमा. एकूण ४८ आठवडे. त्यात ४० दिवस वर्ग आणि ८ दिवस थेट शिवारात. धंदा बुडू नये म्हणून वर्ग आठवड्यातून एकदाच, रविवारी किंवा बाजार बंद असतो त्या दिवशी. विषय माती, खतं, बियाणं, कीड-रोग आणि कायदे.

सुरुवातीला दादा मागच्या बाकावर. मग एका शिवारफेरीत उसाची पानं हातात आली. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह कमी. हा तर आपला केवडा! दादानं तो आयुष्यभर पाहिलेला, कारण आत्ता कळलं. "म्हणजे यातलं निम्मं मला येतच होतं की," तो मला म्हणाला. त्या दिवसापासून बाक पुढचा.

खरी परीक्षा काउंटरवर

पुढे एक गिऱ्हाईक आलं. ऊस पिवळा पडलाय, दोन पोती युरिया दे. दादानं आधी पान आणायला लावलं. केवडाच होता. "युरियानं नाही जायचा हा. हिराकस फवारा आणि एकदा माती तपासून घ्या." गिऱ्हाईक भडकलं, "माल विकायला बसलास का शाळा घ्यायला?" आणि तणतणत निघून गेलं. दोन पोत्यांचा धंदा गेला. दादा शांत. "गेलं तर गेलं. मी का नाही म्हणालो, ते मला माहितीय."

आता औषध देताना तो बाटलीवरचा रंगीत त्रिकोणही दाखवतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

बॉस, कॉन्फिडन्स म्हणतात तो हाच! भिंतीवरच्या फ्रेममधून नाही, 'का?'चं उत्तर देता आलं की येतो. म्हणून पुढच्या कोर्सची फी भरण्याआधी तीनच गोष्टी विचारा. रविवारी शिकलेलं सोमवारी वापरता येईल का? वर्गाबाहेर, खऱ्या कामावर नेतात का? आणि तुमच्या अनुभवाला तिथे काही किंमत आहे का?

तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर बिनधास्त नाव घाला. वय कुणी विचारत नाही!