किल्ल्यांची जोडी

आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करावे हे सांगणारा लेख होय. पुष्कळ माणसे निरनिराळ्या गावी बसून एकच आज्ञावली लिहितात आणि ती ‘गिटहब’सारख्या दूरच्या भांडारात ठेवतात. तीत एखाद्या तोतयाने चार ओळी घुसडल्या, तर ती वापरणाऱ्या सर्वांचीच हानी होते. तेव्हा लिहिणाऱ्याची ओळख भांडाराला कशी पटावी?

परवलीचा शब्द हा जुना उपाय. पण तो समोरच्याला सांगावा लागतो. आणि सांगितलेली गोष्ट वाटेत चोरून ऐकता येते. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या संगणकजालात असेच शब्द चोरले गेले. त्यावर उपाय म्हणून तेथील तातू इलोनेन यांनी ‘सिक्युअर शेल’ अथवा एसएसएच ही पद्धती निर्माण केली.

एसएसएचच्या किल्ल्या वापरल्या म्हणजे गुपित कोणाला सांगावेच लागत नाही. संगणक गणिताच्या साहाय्याने दोन किल्ल्यांची जोडी घडवतो : एक जाहीर, दुसरी गुप्त. जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणे व्यवहारतः अशक्य असते. प्रत्येक संपर्काच्या वेळी एक नवी खूण ठरते. तिच्यावर संगणक गुप्त किल्लीने सही करतो आणि भांडार जाहीर किल्लीने ती सही पडताळून पाहते. खूण दर वेळी निराळी असल्यामुळे जुनी सही कोणी टिपून ठेवली, तरी ती निरुपयोगी ठरते.

कृती सोपी आहे. प्रथम ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा देऊन ‘एड२५५१९’ जातीची जोडी घडवावी आणि गुप्त किल्लीला परवलीच्या वाक्याचे संरक्षण द्यावे. नंतर ज्या फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘पब’ असते, तिच्यातील ओळ भांडारातील आपल्या खात्यात नोंदवावी. दुसरी फाइल कोणालाही देऊ नये. पहिल्या संपर्काच्या वेळी भांडाराच्या किल्लीचा ठसा पडद्यावर उमटतो. भांडाराने प्रसिद्ध केलेल्या ठशाशी तो ताडून पाहिल्यावाचून होकार देऊ नये.

१३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने ‘गिट’च्या व्यवहारांसाठी खात्याचा परवलीचा शब्द स्वीकारणे बंद केले. मात्र किल्लीलाही जपावे लागते. २०२३ साली गिटहबचीच आरएसए जातीची गुप्त किल्ली थोडा वेळ सर्वांसमोर उघडी पडली. २४ मार्च रोजी तिच्या जागी नवी किल्ली आणावी लागली. उघडी पडलेली किल्ली पुन्हा गुप्त होत नाही. ती तत्काळ रद्द करून नवी जोडी घडवणे, हाच एक मार्ग उरतो.