जुन्या बंदुकीला नवी झिलई नको

विंचेस्टरच्या जुन्या लिव्हर कार्बाइन जमवणाऱ्यांनी त्यांना पुन्हा झिलई देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. घोडेस्वारांसाठी बनवलेल्या या आखूड बंदुकांच्या पोलादावर कारखान्यात काळ्या ऑक्साइडचा निळसर थर चढवला जाई. हाताळून तो आधी कडांवरून उडतो. बंदुकीच्या डाव्या बाजूला असलेली खोगिराची कडी लोंबकळत घासली, की धातूवर कमानीसारखा ओरखडा उमटतो. बंदूक कशी वापरली गेली, हे सांगणारा हाच पुरावा. पॉलिशच्या चाकावर तो तर जातोच, शिवाय कडा गोलावतात, ठोकलेली अक्षरे पुसट होतात. ते धातूचे कण परत आणता येत नाहीत.

‘मग गंज बंदूक खाऊन टाकेल’, हा आक्षेप रास्त आहे. पण गंज थांबवणे वेगळे आणि रूप पालटणे वेगळे. भुकटीसारखा सुटणारा लाल गंज तेलाने हलकेच काढावा. घट्ट बसलेला तपकिरी थर राहू द्यावा. 2014 मध्ये नेवाडातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकलेली विंचेस्टरची 1873 मॉडेलची रायफल सापडली. वायोमिंगमधील कोडीच्या संग्रहालयाने तिचे तडकलेले, करडे लाकूड चिकटद्रव्याने सावरले, पण चकाकवले नाही. क्रमांकावरून ती 1882 ची ठरली. एक्स-रेमध्ये दस्त्याच्या पोकळीत दडलेले काडतूसही दिसले. नवीकोरी दिसणारी बंदूकच हवी असेल, तर आजही प्रतिकृती बनतात. त्या खुशाल घ्याव्यात.