शिडाची शर्यत आणि बेटाचा किनारा: काही गैरसमज
उज्जैनच्या रामघाटावर शिप्रेच्या संथ पाण्यात वल्ह्यांच्या नावा पाहत वाढलेल्या माणसाच्या मनात, घाटाची पायरी जितकी जवळ तितका जीव निर्धास्त, ही समजूत इतकी खोल रुजलेली असते की, भोपाळच्या बड्या तलावात तकिया टापूच्या आसपास शिडांच्या नौका पाहताना, बेटापासून अंतर राखणारा नाविक त्याला भित्रा वाटतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. शिडाच्या नौकेला वाऱ्याच्या थेट तोंडावर चालताच येत नाही. सबब वारा ज्या किनाऱ्याकडे वाहतो, तो तिचा सर्वांत मोठा शत्रू होय, आणि बेटाच्या दुसऱ्या अंगाला, आडोशात, वारा तुटून ती जागीच खिळण्याचे भय असते.

कोणी येथे मुंबईजवळच्या खांदेरी बेटाचा दाखला देतात. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आरमारातील मायनाक भंडारी यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून बेटाला बिलगून जात आणि इंग्रजांची जड जहाजे हताश होऊन पाहत राहत, हे खरे. परंतु ते सामर्थ्य वल्ह्यांचे आणि पाण्यात कमी बुडणाऱ्या तळाचे होते, केवळ शिडावर विसंबणाऱ्या नौकेने त्याचे अनुकरण करू नये.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. शर्यतीत वळणाच्या खुणेच्या बोयाभोवती नौकेच्या तीन लांबींची हद्द मानतात, आणि तीत शिरताना जी नौका दुसरीच्या बरोबरीने, आतल्या अंगाला असते, तिला वळण्यापुरती जागा देणे बाहेरच्या नौकेवर बंधनकारक असते. हाच हक्क बेटाच्या लांबलचक किनाऱ्यालाही लागू आहे असे समजून मागून आलेली नौका किनारा आणि पुढची नौका यांमध्ये घुसू पाहते. नियमावली त्यास मुभा देत नाही: बरोबरी साधली त्या क्षणी दोहोंमधून सुरक्षित जाण्याइतकी जागा मुळातच नसेल, तर पुढे ती मागण्याचा अधिकार उरत नाही. शिवाय तीन लांबी हे हक्क ठरवण्याचे माप आहे, खडकापासूनच्या सुरक्षित अंतराचे नव्हे. ते अंतर नकाशावरील खोली, भरती-ओहोटी आणि वारा यांवरूनच ठरवावे लागते.

खूण कोणत्या बाजूस ठेवायची हे वहिवाटीने सर्वांना ठाऊकच असते, असेही मानतात. २२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत इतर नौका वहिवाटीप्रमाणे नॅबच्या दीपनौकेला बाहेरून वळसा घालून गेल्या, ‘अमेरिका’ नावाची नौका मात्र आतून गेली आणि जिंकली. ‘ब्रिलियंट’ या दुसऱ्या नौकेच्या मालकाने फिर्याद केली, पण ‘अमेरिका’ला मिळालेल्या लेखी सूचनेत ती अटच नसल्याने फिर्याद टिकली नाही.

बोयाला स्पर्श झाला की शर्यत संपली, हीही अफवाच. एक पूर्ण गिरकी घेऊन तो दोष फेडता येतो. मात्र शर्यतीबाहेरच्या नावेशी गाठ पडली, तर शर्यतीच्या नियमांचा काही उपयोग नाही; खुल्या समुद्रात तेथे टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम चालतात. म्हणून पाहावयास जाणाऱ्यांना विनंती, आपली होडी वळणाच्या बोयापासून दूर ठेवावी.