डाळ न शिजणारं पाणी

शिंदखेड्यात भाड्याचं घर बघायला आलेला नवरा विचारतो, "बोअर आहे ना?" आणि बायको विचारते, "त्यात डाळ शिजते का?" दोघांत शास्त्रीय प्रश्न बायकोचा. तुरीचा दाणा ज्या पेक्टिननं बांधलेला असतो, त्याला पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आणखी घट्ट करतं. मग कुकरच्या शिट्ट्या वाढतात, चिमूटभर खायचा सोडा पडतो, तरी वरणात डाळ वेगळी नि पाणी वेगळं. "बोअरना पानीमा दाय शिजत नही," हे गाऱ्हाणं इथे घरोघरी. त्यामुळे स्वयंपाकघरात नळाचं पाणी हंड्यात झाकलेलं, आणि बोअरचं भांडी-धुण्याला.

बोअरचं पाणी किती जड, हे ओट्यावरच कळतं. गावपातळीवर वापरतात त्या तपासणी संचातली छोटी बाटली खुणेपर्यंत भरायची. पहिल्या द्रावणाचे थेंब पडले की अमोनियाचा वास नाकात जातो. मग रंगद्रव्य टाकलं की पाणी जांभळाच्या रसासारखं लालसर होतं. आता तिसरी बाटली: एकेक थेंब टाकायचा, हलवायचं, मोजायचं. लाल रंग हट्टी असतो. बराच वेळ काहीच होत नाही, मग कडेनं जांभळट झाक येते आणि पुढच्या एखाद्या थेंबाला सगळं पाणी एकदम निळं. थेंबांना संचावर दिलेल्या आकड्यानं गुणलं की कठीणपणा निघाला. घाईनं दोन थेंब एकदम पडले तर हिशेब चुकतो. हे काम शांत हाताच्या बाईनं करावं. जलजीवन मिशननं प्रत्येक गावातल्या पाच महिलांना हे शिकवायचं ठरवलं, ते शहाणपणाचंच.

हा जडपणा येतो दगडातून. खाली काळा पाषाण, वर ठिकठिकाणी चुनखडी मिसळलेली काळी माती. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी मुरतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत जातं. धुळे-नंदुरबारचा पट्टा तर जमिनीत उभ्या शिरलेल्या दगडी भिंतींसाठी भूशास्त्रात प्रसिद्ध आहे. अशी भिंत भूजल अडवते, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन बोअरचं पाणी चवीला वेगळं लागलं तर नवल नाही. तालुक्याच्या उत्तरेला तापी वाहते, सुलवाड्याला बॅरेज आहे, तिथलं पाणी धुळे शहर पितं. आणि इथल्या कितीतरी आळ्यांत अजून बोअरचीच मोटर सुरू होते.

भारतीय मानक ब्यूरोच्या 2012च्या मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतं. समजा पाणी 300चं आहे. वीस लिटरच्या बादलीतला कठीणपणा संपवायलाच पस्तीस-चाळीस ग्रॅम साबण लागतो, फेस त्यानंतर. तोवर बादलीच्या कडेला राखाडी साय जमते, तो वाया गेलेला साबण. पाणी तापवायच्या रॉडवरचा पांढरा थरही त्याच क्षाराचा. पण एवढा त्रास देऊनही कठीण पाणी हे आजाराचं पाणी नव्हे.

भीती विकली जाते ती मात्र याचीच. एका कंपनीचा विक्रेता आमच्या घरी दोन ग्लास मांडून बसला. एकात बोअरचं, एकात त्याच्या आरओ यंत्राचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून वीज लावली. बोअरचं पाणी क्षणात तपकिरी गाळानं भरलं. "बघा वहिनी, हे तुम्ही पिता!" गाळ होता त्याच्याच लोखंडी कांडीचा. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं. क्षार काढलेल्यातून फारशी वाहत नाही. बायकोनं त्याच्या शुद्ध ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज लावायला सांगितलं. तेही तपकिरी झालं. त्यानं चहा घेतला नाही.

त्याच्या खिशातला टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. त्यात जंतू दिसत नाहीत, आणि नायट्रेट किती तेही वेगळं कळत नाही. युरिया आणि शोषखड्ड्यांतून उतरणारं नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेलं की तान्ह्या मुलाला धोका. नायट्रेटला ना वास ना चव. डाळ छान शिजवणाऱ्या पाण्यातही ते असू शकतं. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, थोडा कठीणपणाही तळाशी बसतो, पण नायट्रेट उलट दाट होतं. तिथे आरओ खरंच उपयोगी पडतं, बदल्यात बरंच पाणी मोरीत सोडून.

आणि विकतच्या जारचं पाणी? नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकले की पिवळी झाक यावी. ती क्लोरीनची खूण, घरच्या नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. आरओच्या जारमध्ये बहुधा तसा क्लोरीन उरत नाही. म्हणजे लग्नाच्या मांडवात त्याच जारमध्ये शंभर हातांचे पेले बुडाले, तर पुढे जंतूंना अडवणारं त्यात काहीच नसतं.