पोरगी बोर्डिंगात शिकते

१९८७ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा बुलडाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या एका बँक-शाखेत शेतीकर्जाचं काम बघत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना म्हशी, शेळ्या, शिवणयंत्रं यांसाठी कर्ज द्यायचं, त्यात काही रक्कम अनुदानाची. वर्षाअखेर किती प्रकरणं झाली याचा आकडा वर कळवायचा. आमच्या भाषेत त्याला ‘टार्गेट’ म्हणत.

एका गावच्या मातंग वस्तीतली एक विधवा बाई दहा शेळ्या आणि एक बोकड यांच्या कर्जासाठी आली होती. सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी. दोन घट्ट वेण्या, पायांत चप्पल नाही. मी अर्ज पुढे सरकवला, शाईचं पॅड उघडलं आणि बाईला म्हणालो, ‘‘इथं अंगठा द्या.’’

बाईनं हात पुढे केला, तेवढ्यात पोरीनं तो कागद स्वतःकडे ओढला आणि ती वाचू लागली. मोठ्यानं, शाळेत धडा वाचतात तशी. व्याजाचा दर आला तिथं थांबली. तो रकाना कोराच होता. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘सर, इथं काहीच लिहिलं नाही. आई अंगठा देईल, मग तुम्ही लिहाल का?’’

शाखेत चार माणसं हसली. मीही हसलो, पण रकाना भरला. त्या शाखेत मी शेकडो अंगठे घेतले होते. कागद वाचून दाखवा असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

‘‘कोणत्या शाळेत आहे गं?’’ मी विचारलं. उत्तर आईनं दिलं. ‘‘पोरगी बोर्डिंगात शिकते, सायेब. मिशनच्या.’’

यानंतर मी जे बोललो ते सांगायला आज जड जातं. मी म्हणालो, ‘‘बाई, दहा शेळ्या राखायला घरात माणूस लागतं. तुम्ही मजुरीला जाणार, मुलगा लहान. पोरीला घरी आणा, कर्ज फिटेल. आणि ते लोक तिला बाटवतील, ते वेगळंच.’’

बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग पदर सावरून उठली. ‘‘तिथं तिले दोन येळचं जेवण भेटते, सायेब. धर्माचं मागून पाहू. पोरीले काढा लागत असन, तर राहू द्या तुमच्या शेळ्या.’’

कर्ज मी मंजूर केलं. भल्या मनानं केलं असं म्हणणार नाही, टार्गेट पुरं व्हायचं होतं. शेळ्या तिनं स्वतः राखल्या, मजुरी बुडवून राखल्या. दोन रोगानं मेल्या. हप्ते उशिरा आले, पण आले. पुढे माझी बदली झाली आणि त्या मायलेकी माझ्या डोक्यातून गेल्या.

ही बोर्डिंगं आपल्या भागात आली कुठून, हे मला पुढे कादंबरीसाठी वाचन करताना कळलं. त्यांचं मूळ दुष्काळात आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून काढलं. आईबाप गेलेली, किंवा आईबापांनीच सोडून दिलेली मुलं रस्त्यांवर आली. ती उचलून नेणाऱ्यांत मिशनरी पुढे होते. अकोला-खामगावकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही अमेरिकन संस्था काम करत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुलडाण्याकडे नाझरीन पंथाचे मिशनरी आले. लेटन ट्रेसी आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड ही त्यांतली आरंभीची नावं. याच मिशननं पुढे चिखलीला मुलामुलींची एकत्र निवासी शाळा चालवली, आणि वाशीमला १९३८ साली रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. दोन वर्षं आधी अमेरिकेहून आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर या बाईंनी ते उभं केलं. तिथं परिचारिकांचं शिक्षणही सुरू झालं. शाळा इकडे आणि हॉस्पिटल तिकडे, अशी ती जोडी होती. ज्या घरात मुलगी चौथीपुढे जात नसे, त्या घरातल्या मुलीसमोर एक रस्ता आपोआप आखला गेला : बोर्डिंग, मॅट्रिक, नर्सिंग, पगार.

आमच्या शेजारच्या जालन्याची कथा त्याहून जुनी. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे १८४३ साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ. त्यांनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, बेथेल नावाची वसाहत वसवली. त्यांच्याकडे आलेल्यांत मांग आणि महार कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. आणि याच दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरून शेकडो अनाथ मुली-बायका घेऊन आल्या. केडगावचं ‘मुक्ति’ त्यांच्यामुळे भरलं. तिथल्या मुली विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ भाषांतून मराठीत आणलेलं बायबल त्यांच्याच हातांनी छापलं गेलं.

आणखी मागे गेलं, तर धागा थेट जोतीरावांपर्यंत पोचतो. ते स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा बघून आले आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात आपली शाळा काढली. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजाची मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’त छापून आला, आणि ‘ज्ञानोदय’ हे मिशनचंच पत्र. मात्र एक लक्षात ठेवायला हवं. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनला त्यांनी शंभर प्रश्न विचारले असतील, पण शाळेचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

माझ्या डोक्यातून गेलेली ती मुलगी मला २०१४ साली परत भेटली. पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही एका मोठ्या रुग्णालयात होतो. रात्री नऊच्या सुमारास मुख्य परिचारिका आल्या. चष्मा, कानांवर पांढरे होऊ लागलेले केस, आवाजात जरब. फाइलवरचं माझं नाव त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही चिखलीकडच्या बँकेत होतात का? शेळ्यांचे साहेब?’’

पत्नी रुग्णालयात होती त्या आठ दिवसांत, त्यांची ड्यूटी संपल्यावर, आम्ही पुष्कळ बोललो. त्यांची हरकत नसल्यानं, नाव न घेता, त्यातलं थोडं इथं सांगतो.

‘‘बोर्डिंगात काय वेगळं होतं?’’ मी विचारलं.

‘‘घंटा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पहाटे साडेपाचला घंटा. उठायची एक, उपासनेची एक, जेवणाची एक, अभ्यासाची एक. पहिल्या महिन्यात मी त्या घंटेला शिव्या घातल्या. पण सर, गावात माझ्यासाठी घंटा नव्हती. कापूस फुटला की वेचायला जायचं, ज्वारी आली की काढायला जायचं. मुलींचे हात बोंडाच्या उंचीला बरोबर पोचतात म्हणून आम्हाला आधी बोलावत. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत शाळेत आमची नावं फक्त पटावर असायची.’’

बोर्डिंगचं खरं काम काय, ते मला या बोलण्यातून उमगलं. गावातल्या शाळेत गुरुजी चांगले असतीलही. पण संध्याकाळी पाच वाजता मूल घरी जातं. घरी दिवा नसतो, पाणी लांबून आणायचं असतं, धाकटं भावंड कडेवर असतं. बोर्डिंग हे उरलेले एकोणीस तास मुलाला परत देतं. वरण-भाकरी साधी असते, पण वेळेवर मिळते. अंगण सगळ्यांनीच झाडायचं असतं, भांडी सगळ्यांनीच घासायची असतात. ‘‘गावात झाडू आमच्याच हातात असायचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिथं पाटलाकडचा शब्द आणि आमचा शब्द असं काही नव्हतं. पाळीचा तक्ता होता. सोमवारी मी, मंगळवारी दुसरी.’’

हे गुपित फक्त मिशनऱ्यांनाच कळलं होतं असं नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातवार वसतिगृहांची रांग उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. आमच्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं. महाराष्ट्रातल्या बहुजन समाजाची पहिली शिकलेली पिढी ही बऱ्याच अंशी वसतिगृहांची पिढी आहे. फरक इतकाच, की ज्या वस्तीपर्यंत आपली वसतिगृहं उशिरा पोचली, तिथं मिशनचं बोर्डिंग आधी पोचलं होतं.

मग मी तो प्रश्न विचारला. विचारताना माझी मान खाली होती. ‘‘धर्म बदललात?’’

‘‘हो. अठरा पुरी झाल्यावर. मनानं.’’ थोडं थांबून त्या म्हणाल्या, ‘‘कुणी भाग पाडलं नाही, असं मी सांगितलं तरी तुम्हाला खरं वाटेलच असं नाही. मलाही कधीकधी वाटतं, आठव्या वर्षापासून ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांचं खरं वाटणारच. पण माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली शिकून गेल्या आणि आपापल्या देवाकडेच राहिल्या. त्यांना कुणी जेवताना उठवलं नाही.’’

मी या उत्तरावर पुष्कळ विचार केला आहे. लहान मुलाचं पोट भरणारा माणूस त्याच्या मनावर हक्क सांगू शकतो, हा धोका खरा आहे. तो मिशनला आहे, तसा आश्रमाला आहे, मठाला आहे, सरकारी आश्रमशाळेलाही आहे. म्हणून अशा ठिकाणी बाहेरची नजर हवी, हिशेब उघडे हवेत, मुलांना घरी जाण्यायेण्याची मोकळीक हवी. इथवर टीकाकारांशी माझं भांडण नाही. पण टीका करण्याआधी त्या पोरीच्या भाकरीची सोय आपण केली होती का, हे तपासायला हवं. मी केली नव्हती. मी तर तिला शेळ्यांमागे पाठवायला निघालो होतो.

या धर्मांतराची किंमतही त्यांनी मोजली, आणि तीही कागदावर. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंना मिळाल्या. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या लागू झाल्या. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या नाहीत. केंद्रानं २०२२ साली या प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. या बाईंचा धाकटा भाऊ गावातच राहिला, मातंग राहिला, राखीव जागेवर सरकारी नोकरीत लागला. बहिणीनं रकाना खरा भरला आणि ती दाराबाहेर राहिली. एकाच आईची दोन मुलं, एकाच झोपडीत वाढलेली. गावानं दोघांनाही पाणी वरूनच वाढलं. कागदावर मात्र एक दलित आणि एक नाही.

‘‘भावाचा राग येतो?’’

‘‘छे! त्याची फी मीच भरली होती,’’ त्या हसल्या. ‘‘राग दुसऱ्या गोष्टीचा येतो. सुटीत घरी गेले की आईशी काय बोलावं ते कळेना. मी ‘मला’ म्हणायची, ती ‘मले’ म्हणायची. ती म्हणायची, मास्तरणीवानी नको बोलू व. मी भाकरी खाताना डोळे मिटून प्रार्थना करायची, ती माझ्याकडे बघत बसायची. शेवटच्या आजारात मी सेवा केली, सगळं केलं. पण आम्हा मायलेकींची दहा वर्षं त्या बोर्डिंगात राहिली, सर. ती मला कुठल्याच पगारातून परत आणता आली नाहीत.’’

बोर्डिंगनं आयुष्य बदलतं असं आपण सहज म्हणून जातो. ते बदलतंच. पण मूल जिथून उचललं तिथं एक खड्डा पडतो, आणि तो बहुधा आईच्या वाट्याला येतो. ती बाई शेळ्या राखत एकटी राहिली, त्यात तिनं काय सोडलं होतं हे तेव्हा माझ्या तारण-जामीनकीच्या हिशेबात बसलं नव्हतं.

आज गावोगाव शाळा आहेत, दुपारचं जेवण आहे. पण दिवाळीनंतर वऱ्हाड-मराठवाड्यातून ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांत आजही मुलं दिसतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारनं २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आणली. हंगामी वसतिगृहांची सोयही आहे. योजना चांगल्याच आहेत. पण वसतिगृह म्हणजे इमारत आणि खाटा नव्हेत. वेळेवर घंटा देणारं, रात्री ताप आलेल्या पोराच्या उशाशी बसणारं माणूस तिथं आहे का, यावर सगळं अवलंबून असतं. जुन्या बोर्डिंगांत ते होतं. निदान त्या बाईंच्या बोर्डिंगात होतं.

पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्यांनी संमतीचा कागद आणला. बारीक अक्षरांची तीन पानं. मी खिशातून पेन काढलं आणि शेवटचं पान उघडून सही करायला लागलो.

‘‘थांबा, सर,’’ त्यांनी कागदावर हात ठेवला. ‘‘इथं एक रकाना कोरा आहे. डॉक्टरांकडून भरून आणते. तोवर तुम्ही वाचून घ्या. न वाचता सही करू नका.’’

मी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.